सुरी पाजवावी

एका जंगलात एकच सुरी होती.

मिटणारा चाकू नव्हता हं, बाळांनो. मिटणारा चाकू खिशात ठेवतात, आणि जंगलात कुणालाच खिसा नसतो. ही आपली सरळ सुरी. पातं वीतभर, मूठ बाभळीची. पात्याचं बूड मुठीत असं घट्ट बसवलेलं की एक वेळ मूठ तुटेल, पण पातं हलणार नाही. कुणा लाकूडतोड्याच्या कमरेची पडली होती म्हणे. तो शोधायला परत आला नाही. का आला नाही ते वाघमहाराजांना विचारू नका, त्यांना संकोच वाटतो.

सुरीचं काम एकच, पण जिवावरचं. जंगलाच्या कडेला माणसं फास लावत. घायपाताचा दोर, बोटाएवढा जाड. पाय अडकला की जितकं ओढावं तितका आवळतो. दातांनी तोडायला जावं तर त्याचा वाख, म्हणजे तंतू, दातांत अडकतो आणि दोर तसाच राहतो. मग कुणीतरी ओरडायचं, "फास! फास!" आणि गिरजाक्का सुरी घेऊन धावायची.

गिरजाक्का म्हणजे म्हातारी वानरीण. तोंड काळं, भुवया पांढऱ्या, कंबर थोडी वाकलेली. जंगलात हात असलेले पुष्कळ होते, पण त्यांचे हात कायम फांदीला लटकलेले. खाली बसून, पाठ मोडून, एकच काम तासभर करणं आक्काशिवाय कुणाला जमत नव्हतं. ओढ्याकाठी तिचा कुरुंदाचा दगड होता. इतकी वर्षं घासून तो मधोमध खोलगट झाला होता. रोज सकाळी ती त्याच्यापुढे बसायची आणि सुरी पाजवायची.

पाजवणं म्हणजे काय, ठाऊक आहे ना? सुरी दगडावर घासून धारदार करायची, ते पाजवणं. त्यालाच धार काढणं असंही म्हणतात. जुने शब्द आहेत. जुने शब्द फार गरीब स्वभावाचे असतात. त्यांचा कुणी काहीही अर्थ लावला तरी ते तक्रार करत नाहीत.

तर सगळं सुरळीत चाललं होतं. एवढ्यात वाघमहाराजांना काळजी वाटू लागली.

राजाला काळजी वाटू लागली की प्रजेनं जरा जपून राहावं. पण ही काळजी खरी होती, हे मी कबूल करतो. महाराज म्हणाले, "गिरजाक्का पिकलं पान. उद्या गळलं तर सुरी कोण पाजवणार? तिचं ज्ञान लिहून ठेवा."

लिहिण्याचं काम खवलेरावांकडे आलं. खवलेराव म्हणजे खवल्या मांजर. मागच्या दोन पायांवर चालायचं आणि पुढचे दोन पंजे छातीशी धरायचे, ही त्यांची पद्धत. बघणाऱ्याला वाटायचं, काय हा नम्रपणा! तो नम्रपणा नव्हे, बाळांनो. त्या जातीचे पंजेच तसे. त्यांची आणखी एक खोड होती. अवघड प्रश्न विचारला की ते अंगाचा चेंडू करून पडत. वर सगळे खवले, आत सगळे खवलेराव. प्रश्न विचारणारा कंटाळून गेला की मग हळूच उलगडत. ह्या एका गुणावर ते दरबारात चढत चढत वरपर्यंत गेले होते.

ते ओढ्यावर आले. झाडाच्या सालीवर रेघा मारून रकाने पाडले आणि म्हणाले, "हं, आक्का, सांगा. सुरी कशी पाजवायची?"

आक्काला फार बरं वाटलं. इतक्या वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं. तिनं हात पुसले आणि सुरुवात केली.

"आदी दगड भिजवायचा. कोरड्या दगडावर सुरी रडती. मग पातं आडवं ठेवायचं आन् त्याची पाठ जराशी उचलायची. किती? तर खाली चिंचोका सरकंल येवढी. चिंचोका अडकला तर लई खाली. चिंचोका लोळाय लागला तर लई वर. मग पातं फुडं ढकलायचं, मुठीकडनं टोकाकडं, जशी काय दगडावरची साय काढतोय. जोर न्हाई लावायचा. जोर लावनारा दगड झिजवतो, सुरी न्हाई. आन् कान उघडा ठेवायचा. पयल्यांदा खर्र खर्र वाजतंय. नीट बसली की सर्र सर्र..."

"आक्का," खवलेराव म्हणाले, "रकाना चार बोटांचा आहे."

"आवं, पन अजून मिशीचं सांगायचं ऱ्हायलंय. एका अंगानं घासलं की दुसऱ्या अंगाला लोखंडाची बारीक मिशी फुटती. डोळ्याला दिसत न्हाई, बोटाला खरखर लागती. ती फुटली की सुरी उलटायची. मग हलक्या हातानं..."

"मिशी नको. मिशीला रकाना नाही. थोडक्यात सांगा."

आक्कानं डोकं खाजवलं. सगळं आयुष्य थोडक्यात सांगायचं म्हणजे काय सांगणार? शेवटी ती म्हणाली, "थोडक्यात म्हंजे... रोज सकाळी धार काढावी, सुरी पाजवावी. झालं."

"वा! हे कसं बसलं," खवलेराव म्हणाले. त्यांनी तेवढंच लिहिलं. खाली आक्काचा अंगठा घेतला. शेजारी एक रकाना रिकामा होता, त्यात त्यांनी हुद्दा लिहिला : धार काढणारी.

आक्काला वाचता येत नव्हतं. तिनं आपला अंगठा सालीवर उमटलेला पाहिला आणि ती हसली. किती हौसेनं हसली ते आठवलं की मला अजून वाईट वाटतं.

ती साल दरबारात गेली. आता लिहिलेलं म्हटलं की त्याचा अर्थ लावायला कुणीतरी लागतंच. धनेश पंडितांना बोलावणं गेलं. धनेश पक्ष्याची चोच केवढी असते, तुम्ही चित्रात पाहिलंच असेल. एवढी मोठी चोच असल्यावर मत लहान असून कसं चालेल?

पंडितांनी साल उलटसुलट पाहिली आणि म्हणाले, "पाजवावी. म्हणजे पाजण्याची व्यवस्था करावी. बाळाला पाजतात, गुरांना पाणी पाजतात, तसंच सुरीला. फक्त काय पाजावं हा प्रश्न उरतो. पण त्याचं उत्तर आधीच्याच शब्दांत आहे. रोज सकाळी धार काढावी. सकाळी धार कशाची काढतात?"

"दुधाची," खवलेराव म्हणाले.

"दुधाची!" दरबार म्हणाला.

आक्का मागे उभी होती. तिला वाटलं, हे थट्टा करतायत. ती पुढे आली. "आवं पंडित, सुरी पाजवायची म्हंजे दगडावर घासायची. लोखंडाला कुनी दूध पाजतं व्हय?"

पंडित दयेनं हसले. "आक्का, शब्दाचा अर्थ लावताना मूळ धातू पाहावा लागतो."

"धातू लोखंडच हाय की!"

सगळा दरबार हसला. आक्काला कळेना, हसण्यासारखं काय बोलले.

"शिवाय," पंडित म्हणाले, "बाईंनी स्वतःच सायीचा उल्लेख केल्याचं खवलेराव सांगतात. दूध नाही, तर साय कुठून आली?"

ह्याला उत्तर होतं. पण ते चार बोटांच्या रकान्यात मावणारं नव्हतं.

सुरी ओढ्यावरून उचलून दरबाराच्या कपारीत नेली. तिला मऊ गवताची गादी झाली. दारावर तरस बसला. मग दूध कुणाचं, हे ठरलं. जंगलात त्या वेळी एकच दुभती होती, गव्यांची पवळी. अंगानं काळीभोर, पायांत पांढरे मोजे घातल्यासारखी, आणि पायांशी सव्वा महिन्याचं वासरू, गोंड्या. आता वाघाच्या राज्यात गव्याचं वासरू सुखानं कसं राहतं, असं कुणीतरी विचारणार. बाळा, गोष्टीत वाघ दरबाराच्या वेळात जेवत नाही. पुढे ऐक.

दूध काढणार कोण? खवलेरावांनी साल पाहिली. साल स्वच्छ सांगत होती : गिरजाक्का, धार काढणारी.

"म्या न्हाई काढनार," आक्का म्हणाली. "लेकराच्या तोंडचं दूध काढून लोखंडावर वतायचं? पाप लागंल."

"जशी आपली मर्जी," खवलेराव नम्रपणे म्हणाले. "मग अस्वलाला सांगतो. त्यालाही हात आहेत. नखं थोडी लांब आहेत, एवढंच."

आक्कानं पवळीकडे पाहिलं. पवळीनं अस्वलाच्या नखांकडे पाहिलं. मग पवळीच म्हणाली, "आक्का, तूच काढ."

त्या दिवसापासून सुरी पाजवणारी गिरजाक्का म्हशी पिळणाऱ्या गवळणीसारखी पवळीच्या कासेशी बसू लागली. भोपळ्याचा तुंबा गळ्यापर्यंत भरल्याशिवाय खवलेराव उठू देत नसत. आक्का एक सड गोंड्यासाठी चोरून ठेवायची. तो किती पुरणार? गोंड्या ढुशा मारायचा, कोरड्या कासेला लुचायचा आणि मग आक्काकडे बघत उभा राहायचा. त्याला वाटायचं, ही म्हातारी आपलं काय करते? आक्का मान वर करायची नाही.

तुंबा कपारीत जायचा. सुरी त्यात उभी करायची, टोक खाली, मूठ वर. दुपारपर्यंत दूध निम्मं व्हायचं. खवलेराव सालीवर लिहायचे, 'आज निम्मे प्यायली.'

खरं तर दुधाला मुंग्या लागत होत्या. रांगाच्या रांगा. आणि खवल्या मांजर काय खातं, हे तुम्हाला शाळेत शिकवलं असेलच. महिन्याभरात खवलेरावांचे खवले कुशीवर उसवायला आले. त्यांच्याइतकी ही योजना कुणालाच मनापासून पटली नव्हती.

पंधरा दिवसांत पात्यावर तांबूस ठिपके दिसू लागले. "गालावर लाली आली," खवलेरावांनी लिहिलं. मग ठिपक्यांचे पापुद्रे झाले. "अंग धरते आहे." मग आंबलेला वास सुटला. "बाळसे."

आक्का एकदा तरसाची नजर चुकवून कपारीत डोकावली. बाभळीची मूठ काळी पडली होती. पात्याच्या कडेवरून तिनं बोट फिरवलं. धार कुठे होती ते सांगता येऊ नये, इतकं सगळं सारखं झालं होतं. ती तिथेच बसली आणि रडली. पूर्वी एका साथीत तिनं दोन दिवसांत तीन मुलं गमावली होती, तेव्हाही ती अशी रडली नव्हती. तेव्हा निदान चूक तिची नव्हती. ही चूक तिच्याच तोंडची होती. 'धार काढावी, पाजवावी, झालं', असं तिनंच म्हटलं होतं. झालं.

ती खवलेरावांकडे गेली. "राव, त्या सालीवरचा येक शब्द बदला. 'पाजवावी'च्या जागी 'घासावी' करा. मी हात जोडते."

"दुरुस्तीला जाणकाराची संमती लागते," खवलेराव म्हणाले.

"मग? जानकार मीच की!"

"आपण धार काढणाऱ्या. पाजवण्याच्या जाणकार नव्हेत."

"आन् पाजवन्याचा जानकार कोन?"

हा प्रश्न अवघड होता. खवलेरावांनी चेंडू केला. आक्का दिवस कलेपर्यंत त्या चेंडूसमोर बसून राहिली. चेंडू हलला नाही.

आणि मग जे व्हायचं तेच झालं.

एकेचाळिसाव्या दिवशी, सकाळच्या उन्हात, पवळीचा हंबरडा ऐकू आला. गोंड्याला दूध पुरेना, म्हणून तो कोवळं गवत शोधत निघाला होता. कोवळं गवत जंगलाच्या कडेला असतं. कडेला फास असतात. गोंड्याचा पुढचा पाय दोरात गेला होता. तो ओढत होता आणि दोर आवळत होता. पायाची कातडी सोलली गेली होती.

"फास! फास!" माकडं ओरडली.

आक्का धावली. पण धावताना तिचा हात रिकामा होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा रिकामा.

सुरीही आली. पण अशी कशी येईल? पुढे तरस, मग तुंब्यात उभी सुरी, तिच्यावर सागाच्या पानाचं छत्र, मागे खवलेराव, पंडित आणि वाघमहाराज. गोंड्या तोंडातून फेस काढत होता आणि मिरवणूक एकेक पाऊल टाकत येत होती, कारण तुंबा हिंदकळला तर दूध सांडलं असतं.

एका तरण्या हुप्प्यानं सुरी उचलली आणि दोरावर धरली. घासली. पुन्हा घासली. दोरावर दुधाचा ओघळ आला. वाखाचा एक धागासुद्धा तुटला नाही. गोंड्यानं पाय ओढला आणि दोर आणखी आत रुतला.

"काय हे?" महाराज गुरकावले. "एकेचाळीस दिवस हिला दूध पाजलं ना?"

खवलेराव अर्धे गुंडाळले गेले होते. ते खवल्यांतून म्हणाले, "मात्रा कमी पडली असावी. आत्ता ताजं पाजून पाहावं."

"ताजं," पंडित म्हणाले. "ताजंच. शिळ्यावर ती रुसली आहे."

"आक्का! धार काढा!"

म्हणजे काय म्हणत होते, कळलं का तुम्हाला? लेकरू फासात तडफडतंय, आणि त्याच्या आईचं दूध काढून गंजलेल्या लोखंडावर ओता. पवळीनं शिंगं खाली घातली. तिच्या डोळ्यांत रक्त उतरलं होतं. आणखी एक शब्द कुणी काढला असता, तर तिनं आधी खवलेरावांना आणि मग स्वतः महाराजांना शिंगावर घेतलं असतं. मग वाघ वाघासारखा वागला असता आणि ही गोष्ट इथेच संपली असती.

आक्का मधे उभी राहिली. दगडाविषयी बोलावं असं तिच्या तोंडावर आलं होतं. चिंचोक्याविषयी, मिशीविषयी. पण तिनं खवलेरावांकडे पाहिलं, पंडितांच्या चोचीकडे पाहिलं, आणि तिला कळलं की आता खरं बोलायला वेळ नाही. खरं बोलायला फार वेळ लागतो.

तिनं कमरेवर हात ठेवले.

"काढते की धार," ती म्हणाली. "पन पाजायची काय ही रीत झाली? तान्ह्या लेकराला कुनी तुंब्यात उभं करतं? डोकं खाली, पाय वर? सुरी प्यालीच न्हाई, तर काय करनार!"

दरबार चपापला. हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"मग कसं पाजायचं?" महाराजांनी विचारलं.

"मांडीवर आडवं घेऊन. थोपटत. आन् पाजताना कुनी बघायचं न्हाई. दृष्ट लागती. तुमच्या आयांनी तुमाला काय चारचौघांत पाजलं? पदर घेतला असंल का न्हाई?"

वाघमहाराजांनी खाली पाहिलं. आईचं नाव निघालं की वाघसुद्धा खाली पाहतो.

"सगळे पाठ फिरवा," महाराज म्हणाले.

सगळा दरबार पाठमोरा झाला. हुप्पे, माकडं, अस्वल, तरस, सगळे. पंडितांनी चोच पंखात घातली. खवलेरावांनी तर चेंडूच केला. गोंड्या तेवढा आक्काकडे तोंड करून होता. त्याचा पाय बांधलेला होता. त्याला वळता येत नव्हतं.

आक्का ओढ्यावर गेली, दगड उचलून काखेत मारला आणि गोंड्याशेजारच्या करवंदीच्या जाळीआड येऊन बसली. तुंब्यातलं त्या सकाळचं दूध तिनं आधी गोंड्याच्या तोंडाला लावलं. "पी, माझ्या राजा. तुजंच हाय." गोंड्या गटागटा प्याला आणि थोडा निवांत उभा राहिला. मग तिनं दगड भिजवला, सुरी मांडीवर घेतली, गंजावरून ओली वाळू चोळली आणि पातं दगडावर टेकवलं.

खर्र. खर्र. खर्र.

"ऐकताय?" चेंडूतून खवलेरावांचा आवाज आला. "प्यायला लागली!"

"घोट मोठे आहेत," पंडित पंखात म्हणाले. "भुकेली होती."

एकेचाळीस दिवसांत आक्काच्या हाताची सवय सुटली होती. पाठ फार उचलली जात होती. तिनं श्वास रोखला आणि मनातल्या मनात चिंचोका ठेवला. पुढे ढकललं. साय काढल्यासारखं. पुन्हा. दगडावर काळा चिखल साचला, तो तिनं पुसला नाही. त्या चिखलातच धार असते. बोट आडवं फिरवलं. नाही. आणखी घासलं. बोट फिरवलं. आणि बोटाला ती लागली. बारीक, खरखरीत, जन्माची ओळखीची मिशी.

"आली ग बाय," आक्का पुटपुटली.

सुरी उलटली. आता हलक्या हातानं.

सर्र. सर्र. सर्र.

"आता कशी सावकाश पितेय," महाराज म्हणाले. "पोट भरत आलं वाटतं."

शेवटी आक्कानं पातं स्वतःच्या तळव्यावर चार वेळा उलटसुलट पुसलं आणि उठली. गोंड्याच्या पायाला धक्का न लावता सुरीचं टोक दोराखाली सरकवलं आणि वर उचललं. एकदाच. टच्च असा आवाज झाला. घायपाताचा दोर गवताच्या काडीसारखा दुभंगला. गोंड्या तीन पायांवर लंगडत आईच्या पोटाखाली गेला.

दरबारानं वळून पाहिलं आणि एकच जल्लोष केला.

"पाहिलंत!" खवलेराव पूर्ण उलगडून उभे राहिले. "दूध लागू पडलं!"

आक्कानं हातातला दगड पुढे केला. त्याच्यावर काळा चिखल अजून ओला होता. "महाराज, दुदानं न्हाई. ह्यो बगा दगड. ह्याच्यावर म्या..."

"आक्का, विनय पुरे," महाराज म्हणाले. त्यांनी डोळे पुसले. "तू स्वतः मांडीवर घेतलंस तिला. आजपासून तू सुरीची दाई. रोज एक तुंबा दूध तुझ्या हवाली. आणि तू पाजताना जो बघेल, त्याचा डोळा फोडला जाईल."

आक्कानं दगड खाली ठेवला. तिनं पवळीकडे पाहिलं. पवळीनं हळूच एक डोळा मिटला.

आता तुम्हाला वाटेल, छान झालं. झालंच तसं. सुरी पुन्हा ओढ्यावर आली. रोज सकाळी आक्का एक तुंबा धार काढायची, जाळीआड न्यायची आणि गोंड्याला पाजायची. मग दगड भिजवून सुरी पाजवायची. जाणारेयेणारे अदबीनं तोंड फिरवून जात. आया पोरांचे डोळे झाकत. खवलेराव लांबूनच आवाज ऐकून सालीवर लिहीत, 'आज तुंबाभर प्यायली.' मुंग्या मिळेनाशा झाल्या म्हणून ते थोडे वाळले, पण योजनेचा लौकिक चार जंगलांत गेला. तिथेही सुऱ्यांना दूध सुरू झालं. तिथल्या सुऱ्या का कापत नाहीत हे बघायला खवलेराव अधूनमधून जात आणि दोन-दोन महिने राहून, अंगानं भरून परत येत.

आक्का समाधानात होती. गोंड्याचं वशिंड वर येताना तिनं पाहिलं. फक्त कधीकधी, सुरी उलटताना, तिचा हात थांबायचा. तिनं आपल्या नातीला एकदा हाक मारली होती, "ये ग, बस हितं, शिकवते." नातीनं दोन्ही हातांनी डोळे घट्ट झाकले होते. "नको आज्जी. दृष्ट लागंल."

आक्कानं स्वतःच लावलेला नियम होता तो.

पुढे गिरजाक्का गेली. जंगलानं मोठा शोक केला. तिच्या दगडाला शेंदूर फासला आणि शेजारी नव्या दाईनं, म्हणजे त्याच नातीनं, सुरीला मांडीवर घेतलं. थोपटलं. तुंब्यातलं दूध तिच्यावर ओतलं. सगळा दरबार पाठ करून उभा होता. पण आवाज काही येईना.

एकटा गोंड्या पाठ न करता उभा होता. आता तो मोठा गवा झाला होता, एका पायावर फासाचा पांढरा वळ असलेला. तो म्हणाला, "अग, तसं न्हाई. दगडाचा शेंदूर पूस. दगड भिजव. पातं आडवं ठेव, पाठ उचल, खाली चिंचोका सरकंल येवढी. मग साय काढल्यावानी फुडं. मिशी फुटली की उलट. म्या बगितलंय. म्या रोज बगितलंय."

दरबारात कुजबुज झाली. बघितलं? ह्यानं बघितलं?

खवलेराव आता फार म्हातारे झाले होते. त्यांनी छातीशी पंजे धरले आणि नम्रपणे विचारलं, "आपण हे करून दाखवाल का?"

गोंड्यानं आपले पुढचे दोन खूर उचलून पाहिले. मग खाली ठेवले.

"नोंद करा," खवलेराव म्हणाले. "दाईला दृष्ट लागल्याचे कारण सापडले."

एवढ्या मोठ्या गव्याचा डोळा फोडायला कुणी धजेना, म्हणून तेव्हापासून गोंड्याला जंगलाच्या कडेला, लांब, फासांच्या बाजूला राहावं लागतं. तिकडून कधी वाऱ्यावर त्याचा आवाज येतो, "चिंचोका! चिंचोका!" पोरं हसतात. त्यांना वाटतं, म्हाताऱ्याला चिंच हवी आहे.

तात्पर्य : सुरी कापत नसेल तर दूध वाढवावे. तरीही कापत नसेल तर तुंबा मोठा घ्यावा. आणि बाळांनो, कुणी मन लावून काम करत असेल तर तिकडे मुळीच बघू नये. बघितलं तर कळतं, आणि कळलं की दृष्ट लागते.